बारा वर्षांपूर्वी पुरलेला देह जेसीबीने का सापडत नाही?

प्रश्न एका पोलीस उपनिरीक्षकांचा आहे. मराठवाड्यातल्या एका प्रकरणात संशयिताने कबुली दिली की, बारा वर्षांपूर्वी खून करून देह नाल्याकाठच्या शेतात रात्रीतून पुरला. त्याने जागाही दाखवली. पथकाने तिथे दोन दिवस जेसीबी चालवला, काहीच मिळालं नाही. आता जमिनीखालचं दाखवणारं रडार मागवावं का? की ‘सदर ठिकाणी मृतदेह नाही’ असं पंचनाम्यात लिहून जागा सोडून द्यावी?

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर सध्या तरी ‘नाही’ असंच आहे. रडारची वेळ अजून आलेली नाही, आणि ‘मृतदेह नाही’ हे वाक्य लिहिण्याइतकं काम झालेलं नाही. हे मी तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही. आपल्याकडे पोलीस प्रशिक्षणात हा विषय शिकवलाच जात नाही म्हटलं तरी चालेल, आणि पुरातत्त्व शिकलेल्या माणसाला अशा जागेवर बोलवावं हेही सहसा कुणाला सुचत नाही. मी मूळची पुरातत्त्वाची, पुण्यात शिकले. फॉरेन्सिक पुरातत्त्वाचं, म्हणजे उत्खननाची पद्धत गुन्ह्याच्या तपासात वापरण्याचं, शिक्षण पुढे इंग्लंडमध्ये घेतलं. त्या अनुभवावरून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट ही की शोध खड्ड्याचा घ्यायचा असतो. देह कुजतो, हाडं विरघळतात, कोल्ही-कुत्री ती ओढून नेतात. खड्डा मात्र जागचा हलत नाही. कुठल्याही शेतात वरचा थर काळपट, मुळांनी भरलेला असतो. त्याखाली वेगळ्या रंगाची माती, आणि त्याखाली मुरूम. हे थर बसायला हजारो वर्षं लागलेली असतात. कुणीतरी रात्री फावड्याने ते कापतो, माती बाजूला टाकतो आणि घाईघाईने परत लोटतो. माती परत भरता येते, थर परत लावता येत नाहीत. मुरमाचे कण वर येतात, वरची काळी माती खाली जाते, आणि आजूबाजूच्या न हललेल्या जमिनीत त्या खिचडीचा एक वेगळा ठिगळ राहून जातो. पाइपलाइनची चारी बुजवल्यावर पहिल्या दोन पावसाळ्यांत ती जागा कशी खचते, हे शेतकऱ्याला विचारा. पुरलेल्या जागेचंही तसंच होतं. आधी भुसभुशीत माती दबते. पुढे देहाचं पोट फुगून खाली बसलं की मधोमध आणखी एक छोटा खळगा पडतो. तिथे पाणी साचतं आणि गवत वेगळं उगवतं, कधी खुरटलेलं, कधी आजूबाजूपेक्षा हिरवंगार.

घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगातली, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणारी, माणसं आपली लहान मुलं घराच्या जमिनीखालीच पुरत, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन रांजणांत. चोपून केलेल्या जमिनीतून खाली गेलेला तो खड्डा तीन हजार वर्षांनीही कडेसकट ओळखता येत होता, कारण खणणाऱ्यांनी जमीन आडवी, सपाट तासत नेली होती. उभी खणली असती तर रांजण सापडले असते, पण खड्डा कुठल्या जमिनीतून खाली गेला हे कळलं नसतं. बारा वर्षं म्हणजे या हिशेबाने कालपरवाची गोष्ट.

तुमच्या जागेत एक अडचण मात्र खरी आहे. मराठवाड्याची खोल काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, वरची माती त्या भेगांत पडते, पावसात सगळं फुगून वर ढकललं जातं. ही माती स्वतःच स्वतःला नांगरते. त्यामुळे वरच्या दोन-अडीच फुटांत खड्ड्याच्या कडा पुसट होतात. पण खड्डा पिवळ्या मातीपर्यंत किंवा मुरमापर्यंत गेला असेल, तर तिथे कड स्वच्छ दिसते, पिवळ्यात काळा आयत. तुमच्या खणकामात नेमकी हीच पातळी कुणी साफ करून पाहिली का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता जेसीबीबद्दल. यंत्र वापरायचंच नाही, असं मी म्हणणार नाही. मोठ्या जागेत ते लागतंच. चूक बकेटमध्ये आणि पद्धतीत असते. दातेरी बकेट माती ओरबाडते, थर एकमेकांत मिसळते, आणि कड दिसण्याआधीच संपते. त्या जागी रुंद, बिनदाती बकेट लावायची. चार बोटांपेक्षा जास्त जाडीचा थर एका वेळी काढायचा नाही. यंत्र नेहमी न खणलेल्या जमिनीवर उभं राहून मागे सरकत जाईल, साफ केलेल्या भागावर त्याचं चाक येता कामा नये. आणि बकेटसमोर एक माणूस उभा हवा ज्याचं काम फक्त बघणं आहे. त्याने फोन घ्यायचा नाही, गर्दी हटवायची नाही, पंचांशी बोलायचं नाही. रंगात, पोतात, ओलाव्यात फरक दिसला की त्याचा हात वर, आणि त्या क्षणी यंत्र बंद. पुढचं काम खुरप्याने. बघणारा दर तासाला बदलावा, कारण एकसारखी माती पाहून डोळे थकतात.

आयर्लंडमध्ये हे काम गेली पंचवीस वर्षं याच शिस्तीने चाललं आहे, म्हणून तिथलं थोडं लांबण लावून सांगते. उत्तर आयर्लंडच्या संघर्षाच्या काळात मुख्यतः आयआरए या सशस्त्र संघटनेने काही लोकांना पळवून नेऊन मारलं आणि गुपचूप पुरलं. ब्रिटन आणि आयर्लंडच्या सरकारांनी १९९९ मध्ये मिळून एक आयोग नेमला. त्याचं काम एकच, हे देह शोधून घरच्यांच्या हवाली करायचे. आयोगाला मिळालेली माहिती फौजदारी खटल्यात वापरता येत नाही, असा कायदाच केला, म्हणून ज्यांनी पुरलं त्यांच्याकडूनच निरोप येऊ लागले. यादीत १७ नावं आहेत. आजवर १३ जण सापडले, ४ अजून जमिनीतच आहेत.

विचार करा, ज्यांनी पुरलं तेच जागा सांगताहेत, खोटं बोलायचं त्यांना कारण नाही, शिक्षेची भीती नाही. तरीही पुन्हा पुन्हा जागा चुकली. १९७२ च्या डिसेंबरात बेलफास्टमधून उचलून नेलेली एक विधवा, दहा मुलांची आई. तिच्यासाठी १९९९ मध्ये लाउथ परगण्यातला टेम्पलटाउनचा समुद्रकिनारा कित्येक आठवडे खणला, हाती काही आलं नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये फिरायला गेलेल्या लोकांना ती जवळच्याच दुसऱ्या किनाऱ्यावर सापडली. मीथ परगण्यातल्या ऑरिस्टाउनच्या दलदलीत १९७८ साली नाहीशा झालेल्या तरुणाचे आधीचे शोध रिकामे गेले होते. तो २०१४ च्या ऑक्टोबरात मिळाला. पुढच्याच वर्षी, २०१५ च्या जूनमध्ये, त्याच परगण्यातल्या कॉगल्सटाउनला एका माणसाचा शोध चालू असताना एकाच खड्ड्यात दोन देह मिळाले. ते निघाले १९७२ पासून बेपत्ता असलेल्या दुसऱ्याच दोघांचे. ज्याच्यासाठी खणत होते तो अजूनही सापडलेला नाही.

का चुकते जागा? दलदलीत ओळखीच्या खुणा टिकत नाहीत. तिथली पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाची, पाणी धरून राहणारी गादी. लोक ती जळणासाठी कापून नेतात, निचऱ्याचे चर काढतात, वर झाडं लावतात. तीस वर्षांनी आलेल्या माणसाला ते रान अनोळखी वाटतं. तो तेव्हा रात्री आला होता, घाबरलेला होता, कदाचित गाडीच्या मागच्या सीटवर बसून आला होता. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या डोक्यातला नकाशा आणि पायाखालची जमीन यांचा मेळ तुटलेला असतो.

म्हणून तुमच्या संशयिताकडे परत जा, आणि ‘कुठे पुरलं’ हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवा. त्याला विचारा: गाडी कुठे लावली? देह एकट्याने उचलला की दोघांनी? बांध ओलांडला का? नाला डाव्या हाताला होता की उजव्या? उजेड कशाचा होता? खणायला फावडं होतं की टिकाव? खाली दगड लागला का, पाणी लागलं का? किती वेळ लागला? काम चालू असताना समोर काय दिसत होतं? शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. ब्रिटिश लष्कराने १९७० च्या दशकात उत्तर आयर्लंडमध्ये पुरून ठेवलेली शस्त्रं शोधायला एक पद्धत बसवली, विन्थ्रॉप नावाच्या कॅप्टनच्या नावाने ती ओळखली जाते. लपवणाऱ्याला पुन्हा तिथे यायचं असलं, किंवा दुसऱ्याला पाठवायचं असलं, तर तो अंधारातही सापडेल अशी खूण धरून लपवतो: एकटं झाड, फाटक, खांब, ओढ्याचं वळण. देह पुरणाऱ्याला परत यायचं नसतं. पण त्याला आडोसा हवा असतो, गाडीपासून फार लांब जड ओझं नेता येत नाही, आणि खणता येईल अशी जमीन लागते. तो कशामुळे तिथेच थांबला असेल, हे त्याच्या जागी उभं राहून पाहायचं, शक्यतो त्याच वेळेला, रात्री.

खणता येईल अशी जमीन, या मुद्द्यावर भूवैज्ञानिकांनी मोठं काम केलं आहे. लॉरन्स डॉनेली आणि त्यांच्यासारख्या काही जणांनी शोधाच्या नकाशावर सिग्नलचे रंग वापरायची पद्धत रूढ केली. जिथे फावडं सहज जाईल आणि आडोसाही आहे तो भाग एका रंगात, जिथे हातभर खाली खडक लागतो तो दुसऱ्या रंगात, आणि मधला तिसऱ्या. तुमच्या चार एकरांच्या जागेत हे काम एका दिवसात होईल. लोखंडी पहार घेऊन दर दहा पावलांवर मुरूम किती खोल लागतो ते मोजा. एकट्या माणसाला रात्रीत कठीण मुरमात कंबरभर खड्डा खणणं फार अवघड आहे. एवढ्यानेच निम्मी जागा बाद व्हायची शक्यता आहे.

आणि नाल्याचं काय झालं ते आधी तपासा! बारा वर्षांपूर्वीचा नाला आजचा नाला असेलच असं नाही. जलयुक्त शिवार अभियान २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालं आणि त्यात राज्यभर नाल्यांचं खोलीकरण, रुंदीकरण झालं. काठ मागे सरकला असेल, उपसलेला गाळ काठावर किंवा शेतात पसरला असेल. मग संशयिताने दाखवलेली ‘काठापासून वीस पावलं’ आज भलत्याच जागी पडतील, किंवा जागा बरोबर असूनही तिच्यावर चार फूट नवा भराव असेल आणि तुमचा जेसीबी त्या भरावातच दोन दिवस फिरला असेल. तालुका कृषी कार्यालयात कामाची नोंद मिळेल. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं उघडतात, ती आजच्या चित्रावर ठेवून पाहा. बांध, झाडं, गाडीवाट, शेततळं यांतलं काय नवं आहे ते लगेच दिसेल. हा खर्च शून्य आहे आणि तो सगळ्यांत आधी व्हायला हवा होता.

एक शंका आणखी तपासायची. त्याने किंवा त्याच्या साथीदाराने देह नंतर हलवला तर नाही? बोस्नियात १९९५ च्या जुलैमध्ये स्रेब्रेनित्सा इथे सुमारे ८,००० पुरुष आणि मुलगे मारले गेले, आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत मारेकऱ्यांनी यंत्रं आणून मोठ्या कबरी उकरल्या आणि देह दूरच्या लहान कबरींत नेऊन टाकले. एकाच माणसाचे अवशेष दोन-तीन ठिकाणी विखुरले गेले. तरीही रिकाम्या झालेल्या खड्ड्यांनीच साक्ष दिली. भिंतींवर बकेटच्या दातांच्या खुणा होत्या, तळाला राहून गेलेले अवशेष होते, मातीची जात वेगळी होती. कोझ्लुक इथल्या मूळ कबरीत बाटल्या भरण्याच्या कारखान्याची फुटकी काच आणि लेबलं होती. तीच काच चांचारी रस्त्यावरच्या नंतरच्या एका कबरीत मिळाली आणि देह कुठून कुठे नेले ते जोडता आलं. म्हणजे रिकामा खड्डा हाही पुरावा आहे, तो खड्डा म्हणून ओळखला गेला तर.

रडारचं आता सांगते. हे यंत्र जमिनीत विद्युतचुंबकीय लहरी सोडतं आणि जिथे थर बदलतो तिथून परत आलेल्या लहरी टिपतं. हाडं किंवा कवटी त्यात दिसत नाही. दिसतो तो ‘इथे काहीतरी वेगळं आहे’ एवढाच संकेत, आणि तो उंदराच्या बिळाचा, जुन्या मुळाचा, पुरलेल्या पाइपचाही असू शकतो. कोरड्या वाळूत ते उत्तम चालतं. ओल्या चिकणमातीत लहरी शोषल्या जातात, आणि आपली काळी माती या बाबतीत सगळ्यांत वाईटांपैकी एक. पावसाळ्यानंतर तर विचारूच नका. चुंबकीय मोजणीचीही अडचण, कारण आपला दगड बेसाल्ट. त्याचे गोटे स्वतःच इतके चुंबकीय असतात की त्या गोंधळात खड्ड्याचा संकेत हरवतो. मातीचा विद्युतरोध मोजण्याची पद्धत तुमच्याकडे थोडी बरी चालेल, कारण भरलेल्या खड्ड्यात ओल वेगळी राहते. भूजलाचं सर्वेक्षण करणाऱ्यांकडे ते उपकरण असतं. पण हे सगळं जागा आकसून गुंठ्या-दोन गुंठ्यांवर आल्यानंतर. संबंध शेतावर रडार फिरवलं तर पन्नास संकेत मिळतील आणि त्यातला कुठला खणायचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

श्वानपथक मिळालं तर जरूर घ्या, पण आधी संशयित भागात पहारीने भोकं पाडून काही वेळ थांबा, म्हणजे खालचा वास वर येईल. कुत्रा जिथे थांबतो तिथेच देह असतो असं नाही. पाण्याबरोबर वास उतारावर सरकतो. त्याने दाखवलेल्या जागेपासून चढाच्या दिशेने बघायचं.

समजा खड्ड्याची कड दिसली. तिथे सगळ्यांत मोठा मोह असतो तो हाडांपर्यंत लवकर पोचण्याचा. तो आवरा. थांबा, फोटो काढा, दंडाधिकारी आणि न्यायवैद्यक डॉक्टर येईपर्यंत जागा झाकून ठेवा. मग खड्ड्यातली माती तेवढीच, ज्या क्रमाने भरली गेली त्याच्या उलट क्रमाने काढायची. कडा शाबूत ठेवायच्या. फावड्याच्या पात्याचा ठसा त्या कडेवर उमटलेला असतो, पात्याची रुंदी मोजता येते. तळाशी कधी पायाचा ठसाही मिळतो. हाडांतून किंवा कपड्यांतून गेलेलं झाडाचं मूळ कापून जपा, त्याची वर्षवलयं मोजून देह निदान किती वर्षं तिथे आहे ते सांगता येतं. खिशातल्या नाण्यावरचं साल पाहा. त्या सालाच्या आधी हा माणूस पुरला गेला असणं शक्य नाही. निघालेली सगळी माती चाळायची, कारण दात, नखं, बटणं, माश्यांचे कोश, गोळीचा तुकडा चाळणीतच मिळतात. देहाच्या चारी बाजूंनी खणून त्याला ओट्यावर ठेवल्यासारखं मोकळं करायची सवय आपल्याकडे दिसते. फोटो छान येतो, पण खड्ड्याच्या भिंती कायमच्या जातात.

याबाबतीत अजनाल्याची आठवण मला नेहमी अस्वस्थ करते. १८५७ च्या उठावात लाहोरजवळच्या मियां मीर छावणीतली २६ वी बंगाल नेटिव्ह इन्फंट्री ही देशी शिपायांची पलटण निसटली, आणि १ ऑगस्टला अमृतसर जिल्ह्यातल्या अजनाल्यात पकडलेले शिपाई मारून एका विहिरीत टाकले गेले. तिथला डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने स्वतःच २८२ हा आकडा लिहून ठेवला आहे. २०१४ मध्ये स्थानिक लोकांनी श्रद्धेने, स्वखर्चाने ती विहीर उपसली. त्यांची तळमळ खरी होती, आणि त्यांच्यामुळेच हे शिपाई वर आले. पण प्रशिक्षित कुणीच नव्हतं. हाडं मोडली, एकमेकांत मिसळली, कोण कुठे कसा पडला होता ते कायमचं पुसलं गेलं. हे १८५७ चे शिपाई की फाळणीतले बळी, असा वाद पुढे उभा राहिला. चंडीगडचं पंजाब विद्यापीठ, हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्राची संशोधन संस्था आणि इतर संस्थांनी दातांचा डीएनए आणि समस्थानिकं (माणूस कुठल्या भागात वाढला हे सांगणारी मूलद्रव्यांची रूपं) तपासली आणि हे लोक गंगेच्या खोऱ्यातले होते, असं २०२२ मध्ये दाखवून दिलं. आठ वर्षांची मेहनत. त्यातला काही भाग तरी विहिरीतल्या थरांची नीट नोंद असती तर पहिल्याच महिन्यात हाती आला असता.

शेवटी तुमचा दुसरा प्रश्न, ‘मृतदेह नाही’ असं लिहावं का. इंग्लंडमधल्या सॅडलवर्थच्या माळावर १९६३ मध्ये खून करून पुरलेल्या मुलीचा देह १९८७ मध्ये सुमारे तीन फुटांवर मिळाला, पीटमुळे बराचसा टिकलेला. त्याच खुन्यांनी १९६४ मध्ये मारलेला बारा वर्षांचा मुलगा मात्र त्याच माळावर आजही सापडलेला नाही. २०२२ मध्ये एका खाजगी शोधकाला तिथे मानवी अवशेष मिळाल्यासारखं वाटलं. पोलिसांनी फॉरेन्सिक पुरातत्त्वज्ञ बोलावले, जागा पद्धतशीर खणली, आणि मानवी अवशेष नाहीत हे जाहीर केलं. त्या निष्कर्षाला वजन आहे, कारण कुठून कुठपर्यंत, किती खोल, न हललेल्या मातीपर्यंत पोचून तपासलं, याचा त्यामागे हिशेब आहे. तुमच्या पंचनाम्यात तो हिशेब येऊ द्या. जेसीबीच्या प्रत्येक चरीचे चारही कोपरे जीपीएसने नोंदवा, खोली लिहा, तळाला काय लागलं ते लिहा: भराव, काळी माती, पिवळी माती की मुरूम. जिथे न हललेल्या मुरमापर्यंत पोचलात ती जागा तपासली म्हणा. जिथे नाही, तिथे ‘तपासणी अपूर्ण’ असं लिहा. त्या माणसाच्या घरी कुणीतरी अजून वाट बघत असेल, आणि तुमच्यानंतर येणाऱ्या अधिकाऱ्याला तुमचा कागद हाच नकाशा असेल.

चरी बुजवण्याआधी तळाशी जाड प्लास्टिकचा कागद अंथरा आणि त्यावर यंदाच्या सालाचं एक नाणं ठेवा. आम्ही उत्खननातही हे करतो. पुढे कुणी तिथे खणलं आणि ठिगळ दिसलं, तर तो खड्डा तुमचा, संशयिताचा नव्हे, हे त्याला नाणं पाहताच कळेल.